टोळीचे तेल आणि तुमसरची न्हाणी

१९१२ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एनिस्क्रोन या गावात किलकलन कुटुंबाने एक न्हाणीघर बांधले. मोठ्या टबात समुद्राचे पाणी गरम करून सोडायचे, खडकांवरून कापून आणलेले ताजे समुद्रशेवाळ त्यात घालायचे आणि त्या तपकिरी, बुळबुळीत पाण्यात अंग शेकत पडून राहायचे, असा तिथला रिवाज. शेवाळातून सुटणारा चिकट द्रव कातडीला मऊ करतो, ठणकणारे सांधे मोकळे करतो, अशी लोकांची श्रद्धा. ते न्हाणीघर आजही चालू आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरपासून समुद्र फार लांब. मुंबईहून निघालेली गाडी नागपूर ओलांडून तुमसर रोडला, म्हणजे देव्हाडीच्या स्टेशनात, पोचते तेव्हा तिने नऊशेहून अधिक किलोमीटर मागे टाकलेले असतात. इथे शेवाळ दिसते ते तलावाच्या पायरीवर, आणि ते कोणी अंगाला लावत नाही. पण कातडी इथेही होतीच, आणि तिला पाणी, चिखल, ऊन यांचा मार समुद्रकाठच्या कोळ्याइतकाच बसत होता.

रोवणीचे दिवस घ्या. मृगाच्या सरी लागल्या की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकायचे, आणि आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उतरून ते लावायचे. धानपट्ट्यात हे काम मुख्यतः बायांचे. दिवसभर पाय चिखलात, हात पाण्यात, पाठ वाकलेली आणि डोक्यावर पाऊस. चार-सहा दिवसांतच बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, सोलते, चरचरते. याला चिखल्या म्हणतात. पुढे हिवाळ्यात धानाची कापणी-मळणी येते, तेव्हा ओल संपलेली असते आणि टाचांना भेगा पडतात. उन्हाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातला पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तुमसरच्या आंघोळीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या पायांपासून करायला हवी. सौंदर्याची गोष्ट नंतर येते. आधी येते ती उद्या पुन्हा बांधीत उभे राहता येण्याची गोष्ट.

त्यासाठीचे औषध जंगलातून येई. मोहाचे झाड या भागात सगळ्यांच्या ओळखीचे. चैत्रात त्याची फुले गळतात आणि त्या फुलांबद्दल, त्यांच्या दारूबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. फुलांनंतर फळ धरते आणि जून-जुलैत ते पिकून पडते. त्याची बी म्हणजे टोळी. सोललेल्या टोळीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असते. तेल्याच्या घाण्यावर ते गाळले की पिवळसर, कडवट वासाचे तेल मिळते, आणि थंडीत तेच तेल भांड्यात तुपासारखे गोठते. गोंडांच्या घरात ते दिव्यात जळे, भाजीला फोडणीत पडे, आणि अंगालाही लागे. भेगांना, खरजेला, आखडलेल्या गुडघ्यांना हेच तेल. गोठण्याचा गुण इथे कामाचा ठरतो: पातळ तेल पुसले जाते, पण टोळीचे तेल टाचेवर थर धरून बसते आणि आतली ओल टिकवते.

बाकीचे साहित्य तलावाने पुरवले. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उतार ओळखून, पाळी घालून तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, नावावर गेल्याने त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. तुमसर तालुक्यातला चांदपूरचा तलाव आजही लोकांच्या ओळखीचा आहे. अशा तलावांच्या काठी वाळा उगवतो. त्याच्या खोल मुळ्या माती धरून ठेवतात, आणि त्याच मुळ्या वाळवून माठात टाकल्या की पाण्याला थंड सुगंध येतो. नागपूरच्या बंगल्यांत उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागत. ओलसर बांधीत नागरमोथाही उगवतो. धान लावणाऱ्याच्या दृष्टीने ते तण, उपटून फेकायचे. पण जमिनीतल्या त्याच्या काळ्या गाठी उटण्याला लागतात. दिवाळीच्या पहाटे अंगाला चोळायच्या उटण्यात आंबेहळद, कचोरा, वाळा आणि नागरमोथा हे जुने सोबती आहेत. निंदणीत बांधावर फेकलेले तण आणि नरकचतुर्दशीचे उटणे एकाच चिखलातून आलेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

केस धुवायला गाळाची माती होती. चिकण मातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांसारखे असतात, त्यांच्यावर तेलकटपणा चिकटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. ज्यांना मिळे ते रिठा आणि शिकेकाई वापरत. या दोन्हींत सॅपोनिन असते, म्हणजे पाण्यात फेस आणणारे आणि मळ सोडवणारे द्रव्य. मोहाच्या पेंडीतही तेच भरपूर असते. म्हणून ती पेंड गुरांना घालता येत नाही, पाण्यात टाकली तर मासे उताणे होतात, आणि म्हणूनच तमिळ मुलखात ती केस धुवायला वापरत आले. एकाच झाडाच्या बीतून अंगाला लावायचे तेल आणि ते तेल धुऊन काढायचे द्रव्य, दोन्ही मिळावे हे नवलच.

तलावाचे पाणी कोणाचे, याचीही नोंद होत असे. मध्य प्रांतात गावाच्या दप्तरात वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद असे. गावकऱ्यांनी जंगलातून काय घ्यावे, गुरे कुठे चारावीत, तलावाचे पाणी कसे वापरावे हे त्यात लिहिलेले असे. या वापराला निस्तार म्हणत. आंघोळ, धुणे, गुरांना पाणी पाजणे हे सगळे निस्तारात येई. तलाव मालगुजाराचा असला तरी त्यात अंग धुण्याचा गावाचा हक्क मान्य होता.

मात्र ‘गाव’ या शब्दात सगळे मोजले जात नव्हते. पाण्यावर जातीचा पहारा होता. तलाव खणायला, पाळीवर माती टाकायला ज्यांचे हात चालत, त्यांतल्या कित्येकांना त्याच तलावाच्या घाटाची पायरी बंद होती. त्यांनी वेगळ्या जागी, खालच्या अंगाला, कुणाच्या नजरेत येणार नाही असे पाणी वापरायचे. म्हणून मला नैसर्गिक स्नानाच्या जुन्या दिवसांबद्दल निखळ हळहळ वाटत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याचा प्रश्न उभा केला. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख झाला: त्यांच्या वापरापासून जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. आंघोळीची जागा देशाच्या मूळ कायद्यात लिहावी लागली, यावरूनच ती जागा किती काळ अडवलेली होती ते कळते. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते याच भंडारा मतदारसंघातून. त्यात त्यांचा पराभव झाला.

तुमसरच्या न्हाणीत साबण आला तो रेल्वेने. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग १८८०च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पोचला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याला जोडला. तुमसर धानाचा मोठा बाजार होताच; आता त्याची एक वाट मुंबईच्या आणि दुसरी कलकत्त्याच्या गोदीला जाऊन मिळाली. १८८८ साली लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण पेट्यांमधून कलकत्त्याच्या बंदरावर उतरला. १८९५ साली लाइफबॉय आला, लाल रंगाचा, कार्बोलिकच्या वासाचा.

हा लाल साबण पुढे कष्टकऱ्यांचा झाला, आणि तुमसरच्या परिसरात त्याची गरज नव्याने निर्माण झाली होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटचा वारसा पुढे १९६२ साली आजच्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीकडे आला. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी याच पट्ट्यात येतात, आणि तुमसरहून तिरोडीकडे जाणारा फाटा या खनिजासाठीच टाकलेला. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघते, ते बॅटरीच्या सेलमध्ये लागते. त्याची भुकटी काळी आणि चिवट. शेतातला चिखल पाण्याने जातो; घामात मिसळून रंध्रांत बसलेली खनिजाची धूळ नुसत्या पाण्याने आणि मातीने सहजी निघत नाही. खाणीवरून परतणाऱ्या माणसाने साबणाच्या वडीला हात घातला तर त्यात नवलाईच्या हौसेपेक्षा निकड जास्त होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. रेल्वे जशी आणत होती, तशी नेतही होती. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाची बी हिंदुस्थानातून परदेशी जाई, आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता जर्मनी. तिथल्या कारखान्यांत तिचे तेल काढून साबण, मेणबत्त्या आणि मार्गारिन बनत. पेंडसुद्धा वाया जात नसे. इंग्लंडात ती गोल्फच्या हिरवळीवर पसरत, म्हणजे सॅपोनिनमुळे गांडुळे वर येत आणि मैदान सपाट राहे. विदर्भ, निमाड आणि खानदेशातल्या डोंगरांवर रोशा गवत उगवते. त्याचे गुलाबाच्या वासाचे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्याच तेलाचा वास युरोपातल्या साबणांनाही दिला जाई. साबणाची चरबी आमच्या जंगलात आणि सुगंध आमच्या डोंगरावर, असे असून वडी मात्र परदेशी छाप घेऊन परत येई.

मग मधे काय कमी पडत होते? साबण म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि तीव्र क्षार यांचा संयोग. क्षाराच्या कथेत समुद्रशेवाळाची गाठ पडते. अठराव्या शतकात स्कॉटलंड, आयर्लंड आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यांवर केल्प नावाचे शेवाळ खड्ड्यांत जाळून राख करत. सुमारे वीस टन ओले शेवाळ जाळावे तेव्हा एक टन राख मिळे, आणि ती साबण व काच बनवणारे विकत घेत. अशाच राखेवर काम करताना १८११ साली कुर्त्वा या फ्रेंच माणसाला जांभळ्या वाफा दिसल्या आणि आयोडीनचा शोध लागला. पण तोपर्यंत लब्लांने मिठापासून सोडा बनवण्याची रीत काढलेली होती, तिचे पेटंट १७९१ चे. ती कारखान्यांत रुजली आणि किनाऱ्यावरच्या गरिबांचा राखेचा धंदा बसला. तुमसरच्या परटाकडेही क्षार होता: लाकडाची राख आणि खारी माती. कपड्यांची भट्टी लावायला तो पुरे. कातडीला न झोंबणारी, मोजून-मापून बनवलेली वडी त्यातून निघत नव्हती. मिठापासून स्वस्त सोडा ज्यांच्या हाती आला त्यांनी जगभरची तेले ओढून घेतली, आणि मोहाच्या झाडाखाली वाकून टोळी वेचणारी बाई त्या साखळीच्या अगदी तळाशी राहिली.

१९१४ साली युद्ध पेटले आणि जर्मनीची बाजारपेठ एकाएकी बंद झाली. युद्धाच्या वर्षांत देशी साबण उभा राहिला. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने चंदनाच्या तेलाचा उद्योग काढला, त्यातून म्हैसूर सँडल साबण आला. १९१७ साली टाटा ऑइल मिल्स निघाली. १९१८ साली अर्देशीर गोदरेज यांनी ‘चावी’ साबण आणला, तो केवळ वनस्पती तेलांचा. तोवरच्या बहुतेक साबणांत प्राण्यांची चरबी असे, आणि विदर्भातल्या पुष्कळ घरांनी साबण दूर ठेवला होता तो याच शंकेने. चरबीची शंका मिटल्यावर साबणाला देवघराच्या भिंतीपलीकडची मोरी मोकळी झाली. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसणाऱ्या पहिल्या हिंदी चित्रतारका एक मराठी अभिनेत्री होत्या.

या साऱ्या कारखानदारीला वेगळे उत्तर शोधण्याचा प्रयत्न तुमसरपासून फार दूर झाला नाही. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी पुढे तिथल्या मगनवाडीत राहायला गेले, जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ, मधमाशा यांच्या बरोबरीने साबणही त्यांच्या कामात होता. कल्पना अशी की खेड्याजवळ मिळणारी खारी माती चुन्याबरोबर उकळून तिचा तीव्र क्षार काढावा, जवळच्या जंगलातले अखाद्य तेल घ्यावे, आणि वडी गावातच तयार व्हावी. हातसडीच्या तांदळाचा त्यांचा आग्रह तुमसरने ऐकला नाही. इथे तांदळाच्या गिरण्या वाढतच गेल्या. तेलाचा आणि साबणाचा आग्रह मात्र मला आजही बरोबर वाटतो, कारण तो टोळी वेचणारीच्या हातापासून हिशेब मांडतो.

गांधीजी स्वतः साबण वापरत नसत. शिष्या मीराबेनने दिलेल्या एका खरखरीत दगडाने ते अंग घासत. जानेवारी १९४७ मध्ये बंगालातल्या नोआखालीच्या पदयात्रेत नारायणपूरला पोचल्यावर तो दगड मागच्या मुक्कामी राहिल्याचे लक्षात आले. त्यांनी नात्याने नात लागणाऱ्या मनुबेनला तो आणायला एकटीलाच परत पाठवले. दंगलीने पेटलेला मुलूख, सुपारीच्या बागांतली निर्जन वाट, आणि कोवळी मुलगी. ती गेली आणि दगड घेऊन आली. या प्रसंगाकडे लोक निर्भयतेची परीक्षा म्हणून पाहतात, आणि ती होतीच. मला त्यात वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही दिसते: अंग स्वच्छ करायला जे पुरेसे आहे ते टाकून द्यायचे नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ साली आयोग आला, आणि अखाद्य तेले व साबण हा त्याचा एक रीतसर उद्योग झाला. खायचे तेल देशाला पुरत नसताना ते साबणात घालायचे कशाला, हा साधा विचार त्यामागे होता. कडुनिंब, करंज, मोह यांच्या बिया गोळा करून त्यांचे तेल वापरावे यासाठी माणसे खपली. सी. एम. केतकर यांनी कडुनिंबाच्या उपयोगावर केलेले काम आयोगाने १९७६ साली प्रसिद्ध केले. पण दुकानाच्या फळीवर ग्रामोद्योगाची वडी मागे पडली. टोळीच्या तेलाचा वास उग्र, रंग पिवळा, आणि नारळाच्या तेलाशिवाय फेस कमी. लोकांना फेस म्हणजेच स्वच्छता वाटू लागली होती. त्याच काळात, १९५२ साली, मूळचे नागपूरचे किराणा दुकानदार केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत विको ही कंपनी सुरू केली. १९७५ साली तिची हळदीची क्रीम आली. ही क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावर अबकारी खात्याशी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. नवरीच्या अंगाला लागणारी हळद ट्यूबमध्ये भरून घरोघर पोचू शकते हे पेंढरकरांनी दाखवले. टोळीच्या तेलाला असा पेंढरकर मिळाला नाही.

१ मे १९६० रोजी भंडारा महाराष्ट्रात राहिला. त्याआधीच, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली होती आणि तलाव सरकारजमा झाले होते. निस्ताराचा हक्क कागदावर राहिला, पण पाळीची डागडुजी करणारा हात हरवला. कित्येक बोड्या गाळाने भरल्या. नळ आले, न्हाण्या घरात गेल्या, आणि घाटाची गरज उरली नाही. बायांसाठी बंद दाराची न्हाणी ही फार मोठी सुटका होती, हे विसरून तलावाच्या आठवणी काढणे अन्यायाचे होईल.

इकडे परदेशी प्रसाधनांच्या यादीत समुद्रशेवाळाच्या शेजारी ‘मोवरा बटर’ हे नाव आता दिसते. ते म्हणजे गोठलेले टोळीचेच तेल, क्रीममध्ये आणि ओठांना लावायच्या कांडीत घालायला घेतलेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ते गोळा करणाऱ्या समाजांना दिली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. केंद्राने गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची योजना आखली तेव्हा पहिल्या यादीतच मोहाची बी होती. तरीही टोळी अजून स्वस्तात जाते, आणि त्याचे कारण हंगामात आहे. बी पडते ती ऐन पावसाच्या तोंडावर. ओली राहिली की बुरशी येते, तेल खवट होते, आम्लता वाढते. त्याच दिवसांत रोवणीसाठी घरात रोख पैसा लागतो आणि वेचणारे हात बांधीत गुंतलेले असतात. म्हणून दारात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात टोळी देऊन टाकली जाते. तुमसर भागातल्या ग्रामसभांना जूनमध्ये बी वाळवायला एक कोरडे छप्पर, ती साठवायला कोठी आणि गाळायला एक चालता घाणा मिळाला, तर ती बी म्हणून विकायची की तेल म्हणून, हे त्यांना दिवाळीपर्यंत थांबून ठरवता येईल.